रोजच्या गाडीच्या डिकीत फायबरग्लासचा सबवूफर (खोल बेसचा स्पीकर) बॉक्स बसवता येईल का? डिकीची जागा फार जायला नको.

येईल, आणि जागा वाचवायची असेल तर चाकाच्या कमानीमागचा कोपरा धरा. मात्र स्टेपनी, जॅक आणि मागच्या दिव्यांचे बल्ब बॉक्स न हलवता हाताशी आले पाहिजेत. नाहीतर बॉक्स चार बोल्टवर सहज निघेल असाच करा.

कोपऱ्यात आधी मास्किंग टेपचे दोन थर, वर अॅल्युमिनियम फॉइल आणि मोल्ड रिलीज वॅक्स (साचा सुटा व्हावा म्हणून लावायचं मेण) लावा. यात कंजुषी केलीत तर साचा गाडीलाच चिकटतो. मग मॅट (फायबरग्लासच्या तंतूंची चटई) आणि पॉलिएस्टर रेझिनचे (घट्ट होणारा द्रव) दोन थर गाडीत द्या, साचा घट्ट झाला की बाहेर काढा आणि उरलेले थर मोकळ्या हवेत चढवा. रेझिनमधल्या स्टायरीनचा वास सीटच्या कापडात बराच काळ राहतो आणि त्याची वाफ छातीलाही वाईट. साधा धुळीचा मास्क इथे कामाचा नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवालाच (रसायनांची वाफ गाळणारा) घाला.

भिंत किमान ६ मिमी हवी. बोटाने ठोकल्यावर पोकळ टणटण आली तर अजून थर द्या. स्पीकर जिच्यावर बसतो ती रिंग १८ मिमी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) करा. रिंगपासून साच्याच्या कडेपर्यंत फ्लीस (ताणलं जाणारं मऊ कापड) ताणून रेझिनने भिजवा, वाळल्यावर आतून मॅट लावा.

पुढचं तोंड असं बंद झालं की आतलं आकारमान स्पीकरच्या भोकातून थर्माकोलचे मणी भरून मोजा. सबवूफरच्या माहितीपत्रकातल्या लिटरशी ते जुळलं पाहिजे, स्पीकरने व्यापलेली जागा वजा करून.