तळ्याकाठच्या हिरवळीला खत घालण्यापूर्वी

हिरवळ रुजताच डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खताची गोणी आणण्याचा आपला विचार दिसतो. तो तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवीन. गोणीवरचे १८:४६:० हे आकडे नीट पाहावेत. त्यांतला मधला आकडा स्फुरदाचा (फॉस्फरसचा) असतो. रुजलेल्या हिरवळीला मुख्यतः नत्र (नायट्रोजन) लागते, आणि जादा पडलेले स्फुरद पावसात मातीच्या कणांना चिकटून गटारावाटे सोलापुरातल्या कंबर तलावासारख्या उथळ पाण्यात पोहोचले, की शेवाळ व जलपर्णी फोफावतात, त्या कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपत जातो आणि मासे मरतात. म्हणून आधी माती तपासून घ्यावी आणि अहवालात स्फुरद कमी आढळले तरच ते द्यावे. शेणखत कितीही चालते, हा समजही सोडावा. त्यातही स्फुरद असतेच.

युरियात ४६ टक्के नत्र असल्याने तो थोडा थोडा, विभागून द्यावा आणि वर हलके पाणी शिंपडावे. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस अनेकदा धो धो कोसळतो आणि आपली काळी माती एकदा भरली की पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. तेव्हा आभाळ भरून आलेले असताना खत टाकणे म्हणजे पैसे नाल्यात सोडणे. फरशीवर सांडलेले दाणे नळीने धुऊन काढू नयेत, झाडून परत गोणीत भरावेत. कापलेले बारीक गवत तिथेच पडू द्यावे, त्यातून थोडे नत्र परत मिळते. पाण्याकडच्या कडेचा पट्टा मात्र खताविनाच ठेवावा.