पीडीएफ मिळते, मग वाचनालयाची वर्गणी का भरायची?

तू बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, मराठीचा प्रकल्प करायचा आहे आणि सगळं मोबाईलवर मिळतं, तर वर्गणी का भरायची, असं विचारलं आहेस. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात मी बावीस वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसलो, म्हणून सविस्तर लिहितो.

मोबाईलला मी मुळीच नावं ठेवणार नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मराठी विश्वकोशही त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तसाच फुकट. आमच्याकडे असे खंड संदर्भ विभागात, घरी न्यायला मनाई. एकदा एक मुलगी जुन्या हिशेबातला 'तसलमात' हा शब्द विचारायला आली. मी कपाटाची किल्ली शोधेपर्यंत तिने फोनवर अर्थ काढलाही: पुढे हिशेब द्यायच्या बोलीवर दिलेली आगाऊ रक्कम. मला फार आनंद झाला.

पण तुला हवी ती पुस्तकं तिथे असतीलच असं नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकावर हक्क राहतो. १९७५ साली गेलेल्या लेखकाचं लेखन २०३५ संपेपर्यंत कोणाला परवानगीशिवाय फुकट वाटता येत नाही. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या बहुतेक कथा, ग्रामीण कादंबऱ्या, दलित आत्मकथनं, तुझ्या अभ्यासक्रमाचा गाभाच, कपाटातच शोधावा लागतो. ग्रुपवर फिरणाऱ्या फायलींवर विसंबू नकोस. एका मुलाच्या फाईलमध्ये ११२ नंतर थेट ११५ वं पान होतं. लेखकाने प्रसंग मुद्दाम अर्धवट सोडला असं समजून त्याने प्रकल्पात त्यावर परिच्छेदही लिहिला होता. आम्ही मूळ प्रत काढली, तो तिथेच उभ्याने ती दोन पानं वाचत राहिला आणि मग काही न बोलता त्याने तो परिच्छेद खोडला.

जुन्या, हक्कमुक्त पुस्तकांची अडचण वेगळी. स्कॅन केलेलं पान म्हणजे बरेचदा नुसता फोटो, आतला शब्द शोधला तर सापडत नाही. पुस्तकाचं नाव रोमन लिपीत कसंही नोंदवलेलं असतं, तेव्हा दोन-चार स्पेलिंगं करून बघ.

एक गोष्ट मनाला लागते. आमची अभ्यासिका सकाळी सातलाच भरते, स्पर्धा परीक्षेची मुलं आपापली पुस्तकं आणि फोन घेऊन बसतात, आणि पलीकडच्या खोलीत कथा-कादंबऱ्यांच्या मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का पडत नाही. ती मुलं आळशी नाहीत, त्यांना वेळच नाही. तुझ्याकडे अजून आहे.

वर्गणी भर. जाताना लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव आणि आवृत्तीचं साल फोनवर शोधून कागदावर लिहून ने. 'ग्रामीण साहित्यावर काही आहे का' एवढंच विचारलंस तर ग्रंथपाल समोर हाताला लागेल ते देतील. नेमकं नाव सांगितलंस तर माळ्यावरचा गठ्ठाही उतरवतील.