हिशेब आधी, रोजनिशी नंतर

अगं,

मेल वाचला. रात्री दीडला टाकलेला दिसतोय, झोपत जा जरा. "सर, हा माणूस मला आवडायला लागलाय आणि आवडतोय म्हणून स्वतःचाच राग येतोय, थिसिसमध्ये ह्याचं करू काय" असं विचारलंयस. विषय छान आहे, तू हुशार आहेस, होईल सगळं नीट, असलं मी काही लिहिणार नाही, ते तुला माहितीये आणि मलाही. मुद्द्यावर येतो.

1868 च्या ॲबिसिनिया मोहिमेवर, म्हणजे आजच्या इथिओपियात, तिथल्या राजाने धरून ठेवलेल्या इंग्रजांना सोडवायला, गेलेला बॉम्बे आर्मीतला एक लेफ्टनंट, त्याची रोजनिशी आणि सोबत सुट्या कागदांचा एक गठ्ठा. रोजनिशी तू अख्खी टाइप करून काढलीस, झटलीस, मान्य. गठ्ठ्याबद्दल अख्ख्या मेलमध्ये एकच ओळ आहे, "बाकी किरकोळ बिलं वगैरे आहेत". ह्या ओळीवर मी दोन दिवस चिडलेलो आहे. किरकोळ काय म्हणतेस? रोजनिशी म्हणजे लग्नाचा अल्बम आणि तो गठ्ठा म्हणजे केटररचं बिल, लग्न खरं कसं झालं ते बिलातच कळतं. हिशेब आधी वाचायचा, रोजनिशी नंतर. माझ्याकडे शिकवण्यासारखं एवढंच आहे, आणि हे मी मरेपर्यंत बोलत राहणार.

तुला तो का आवडला ते कळतं मला. अशांगी तळ्याचं वर्णन मीही परत परत वाचलं, लिहितो झकास. खेचर मेलं तर हळहळतो. राजा तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली, तेही व्हिक्टोरिया राणीनेच भेट पाठवलेल्या पिस्तुलाने, आणि त्याच्या प्रेताभोवती सैनिकांनी गर्दी केली तेव्हा ह्याला किळस आली. मग 13 एप्रिलच्या नोंदीतलं ते वाक्य, जे तू मेलमध्ये बोल्ड करून पाठवलंस, की राजाचा तो लहानगा परक्या देशात झुरून जाईल. वाचून रडू आलं म्हणालीस.

आता डोळे पूस आणि विचार कर. 13 एप्रिलला मॅग्डाला, राजाचा डोंगरी किल्ला, पडला. त्या रात्री ह्याला कुठून कळलं की पोराला परक्या देशात नेणार आहेत? आई जिवंत होती तेव्हा. राणी तिरुवर्क किनाऱ्याकडे परतताना वाटेत वारली, मग तो सात वर्षांचा अलेमायेहू कॅप्टन स्पीडीच्या ताब्यात इंग्लंडला गेला आणि 1879 मध्ये लीड्सला वारला, अठराव्या वर्षी. विंडसरला पुरलाय, इथिओपियावाले त्याच्या अस्थी मागतायत आणि 2023 मध्ये बकिंगहॅम पॅलेसने परत एकदा नाही म्हटलं. म्हणजे तुझा लेफ्टनंट एकतर ज्योतिषी होता नाहीतर ती नोंद त्याने मागाहून, घरी बसून, सगळं ठाऊक झाल्यावर लिहिलीय. माझं मत दुसरं. अक्षर बघ ना, तंबूत गुडघ्यावर वही ठेवून पेन्सिलीने लिहिणाऱ्याचं अक्षर असं असतं का? सहा महिन्यांत शाई बदलत नाही, खाडाखोड नाही, घामाचा डाग नाही. ही पक्की प्रत आहे. स्कॅनमध्ये कागदाचा वॉटरमार्क दिसत नाही, मूळ कागद जिथे आहेत तिथल्या माणसाला मेल कर आणि पान उजेडासमोर धरून फोटो काढायला सांग, विलायती कागदात पुष्कळदा साल असतं. 1868 च्या पुढचं साल निघालं तर तुझी अर्धी भानगड तिथेच मिटली.

आणि ज्याला तू किरकोळ म्हणतेस तिकडे ये. तुझ्या फोल्डरमधले सगळे फोटो मी उघडले, तू उघडले नसावेस असा संशय आहे. एक चिठ्ठी आहे, दलांता, 21 एप्रिल. दलांताच्या पठारावर लुटीचा लिलाव झाला, दोन दिवस. पंधरा हत्ती आणि जवळजवळ दोनशे खेचरं लागली म्हणतात माल वाहायला. ब्रिटिश म्युझियमचा होम्स स्वतः बोली लावायला हजर होता, आणि आलेले साधारण पाच हजार पौंड सैनिकांत वाटले. तुझ्या लेफ्टनंटला रोजनिशीत लुटीची किळस आली आणि चिठ्ठीवर एक चांदीचा क्रॉस आणि चर्मपत्राची काही पानं त्याच्या नावावर आहेत, पुढे रक्कम. रोजनिशीत 21 तारखेला फक्त पाऊस. आता लगेच "ढोंगी" म्हणून चॅप्टर पाडू नकोस, मला माहितीये तुमची पिढी, एक सापडलं की धरलंच. तो खरंच हळवा असेल आणि त्याने खरंच क्रॉस घेतला असेल, दोन्ही खरं. पण चिठ्ठी आधी वाचली असतीस तर त्याच्या प्रेमातही पडली नसतीस आणि आता हा रागही आला नसता. म्हणून हिशेब आधी.

दुसरा कागद तर सोनं आहे. पगारपत्रक. त्याच्या हाताखालच्या बिगाऱ्यांचं, मोतद्दारांचं. रोजनिशीत ज्याचा उल्लेख नुसता "माझा पोऱ्या" असा येतो तो इथे नावासकट आहे, इंग्रजाने वाट्टेल तसं लिहिलेलं नाव का असेना. पगार आहे, आणि शेवटच्या रकान्यात सहीऐवजी निशाणी. फेब्रुवारीच्या ओळीत एक वजावट आहे ती झूम करून बघ, कांबळं हरवलं म्हणून पैसे कापलेत. आणि त्याच आठवड्यात साहेब रोजनिशीत लिहितात की सेनाफेच्या पठारावर रात्री पाणी गोठतं, तारे काय सुंदर दिसतात. तू ताऱ्यांवर चार पानं लिहिलीस.

मोहिमेचा आकडा सगळे देतात. तेरा हजार सैनिक, त्यातले बहुतेक हिंदी, सोबत सव्वीस हजार बाजारबुणगे, चाळीस हजारांवर जनावरं, तोफा ओढायला इथून नेलेले 44 हत्ती. सैनिकाच्या दुप्पट माणसं बिनबंदुकीची. फौज उतरली त्या झुलाच्या किनाऱ्यावर प्यायचं पाणी नव्हतं, जहाजांवर समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचे, खेचरं तहानेने आणि रोगाने पटापटा मेली, किनारा नुसता सडत होता. व्यवहार चालायचा तो मारिया थेरेसाच्या चांदीच्या डॉलरवर, तिथले लोक दुसरं नाणं हातात घेत नव्हते, म्हणून व्हिएन्नाहून मुद्दाम पाडून आणले. 10 एप्रिलला अरोगेची लढाई, समोरचे सातशे मेले आणि इंग्रजांकडचे जखमी झालेल्यांतले दोन. हे "दोन" सगळीकडे कौतुकाने छापतात. त्या दोनमध्ये हगवणीने गेलेला डोलीवाला धरलेला नाही, खिंडीत पाय घसरून गेलेला घासवाला धरलेला नाही. तो रोजनिशीतही नसतो. असलाच तर पगारपत्रकात असतो, ज्या महिन्यापासून त्याच्या नावापुढे निशाणी दिसत नाही त्या महिन्यात शोधायचा.

आणि हे माझं खूळ नाही. मोहिमेचं बिल कोणी भरायचं ह्यावर 1867 च्या नोव्हेंबरात पार्लमेंटात ठरलं की हिंदी फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून जाईल, वरचा खर्च इंग्लंड करेल. कैदी कोण, तर इंग्रजांचा तिथला कॉन्सल कॅमेरॉन आणि मंडळी. भांडण कशाचं, तर राणीने राजाच्या पत्राला उत्तर दिलं नाही त्याचं. त्यात रत्नागिरीच्या शेतकऱ्याचा काय संबंध? तेव्हा दादाभाई नौरोजी लंडनला उभे राहिले, 29 नोव्हेंबरला, ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे, आणि ह्या खर्चावरच निबंध वाचला. फौज अजून पुरती उतरलीही नव्हती! एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेला माणूस, त्याने शौर्य बघितलं नाही, रकाने बघितले. वीस लाख पौंडांचा अंदाज होता, शेवटी नव्वद लाखांच्या घरात गेला आणि मग पार्लमेंटला चौकशी कमिटी बसवावी लागली. दादाभाईंना जे आधी दिसलं ते रोजनिशी लिहिणाऱ्या एकाही साहेबाला दिसलं नसेल.

माझं आयुष्य ह्यातच गेलं, ते तू कुठूनतरी ऐकलं असशीलच. दफ्तरखान्यात होतो तेव्हा माझ्या बरोबरीचे लोक साहेबांच्या आठवणी संपादित करून पुस्तकं काढत होते, वर्तमानपत्रांत रविवारी छापून येत होते, आणि मी बिगाऱ्यांच्या याद्या उतरवत बसायचो. "वाण्याचा हिशेब लिहितोय" म्हणायचे, तोंडावर. माझ्या नावावर एक पुस्तक नाही. एका प्रकाशकाने एका रोजनिशीचं काम दिलं होतं, चांगले पैसे होते, अट एकच, मागचं हिशेबांचं परिशिष्ट काढून टाका, वाचकाला कंटाळा येतो. मी नाही म्हणालो. घरी बोलणी बसली, मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. आज नावावर पुस्तक असतं तर बरं वाटलं असतं, कशाला खोटं बोलू, कपाटात नुसत्या वह्या आहेत आणि त्या कोण बघणार. पण तो प्रकाशक उद्या परत आला आणि तीच अट घातली तरी नाहीच म्हणेन. परिशिष्ट काढलं की उरतं काय, सूर्यास्त? सूर्यास्त पोस्टकार्डावर मिळतात.

असो, भरकटलो. तुझ्या गाईडना हे आवडणार नाही, त्यांना "वसाहतवादी नजर" वगैरे हवं असणार, हवं तर तेही दे, एक चॅप्टर दे, पण त्या नजरेसमोर कोण उभं होतं आणि त्याला महिना किती मिळत होता ते आधी. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची लष्करी दफ्तरं आहेत, ते महाग प्रकरण, त्यामुळे आधी काळा घोड्याला एल्फिन्स्टनच्या इमारतीत पुराभिलेखात जा, मुंबई सरकारच्या लष्करी खात्याचं काय मिळतंय ते कॅटलॉगमध्ये बघ. यूट्यूब बघून मोडी शिकू नकोस, क्लास लाव. पगारपत्रकाच्या पाठीमागे मुकादमाने काहीतरी मोडीत खरडलंय, फोटोत अर्धवटच आलंय, मला "बाकी" एवढंच लागतंय, पुढचं कापलं गेलंय. तिथल्या माणसाकडून वॉटरमार्कसोबत ते पूर्ण पान मागव, आणि पाठची बाजू वेगळी स्कॅन कर म्हणून स्पष्ट लिही, नाहीतर ते परत पुढचीच पाठवतील. लिलावात वाटलेल्या पैशांतून बिगाऱ्यांना काही मिळालं का, तेही त्याच गठ्ठ्यात शोध.

लेफ्टनंट आवडतो की नाही त्यावरचा मेल आता महिनाभर नको. पगारपत्रक टाइप करून पाठव, सगळे रकाने, कांबळ्याच्या वजावटीसकट.