एसी मिलान या इटालियन फुटबॉल क्लबमध्ये गोलांचा पाऊस पाडणारा युक्रेनचा आंद्रेई शेवचेन्को इंग्लंडच्या चेल्सी क्लबमध्ये का चालला नाही?

मुख्य कारण खेळाची पद्धत. मिलानमध्ये पहिल्या काही हंगामांनंतर त्याच्या मागे पिर्लो, सीडॉर्फ, रुई कोश्ता आणि नंतर काका हे मिडफिल्डर होते. तो बचावफळीच्या अगदी लगत राहून धाव सुरू करायचा आणि चेंडू नेमका पुढच्या मोकळ्या जागेत यायचा. १९९९-२००० च्या पहिल्याच सेरी आ (इटलीची अव्वल लीग) हंगामात २४ गोल, २००३-०४ मध्ये पुन्हा २४ आणि २००४ चा बॅलन डी'ओर, म्हणजे सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार!

२००६ मध्ये चेल्सीत आला तेव्हा प्रशिक्षक मोरिन्योचं आक्रमण स्ट्रायकर द्रोग्बाभोवती फिरत होतं: लांब पास, अंगावर बचावपटू घेऊन चेंडू रोखणं. हे शेवचेन्कोचं काम नव्हतंच. त्यात वर्ल्ड कपच्या तोंडावर गुडघा दुखावलेला, वयाची तिशी आलेली. स्फोटक धाव कमी झाली की अशा फॉरवर्डचं अर्धं शस्त्र जातं. चेल्सीसाठी लीगमध्ये एकूण ९ गोल झाले. तरी २००७ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेत व्हॅलेन्सियाविरुद्ध बरोबरीचा गोल त्याचाच.

केवळ चेल्सीवरून त्याला जोखणं अन्यायाचं आहे. १९९७ मध्ये डायनामो कीव्ह या युक्रेनियन क्लबकडून बार्सिलोनाच्या मैदानावर पहिल्याच हाफमध्ये केलेली हॅटट्रिक जरूर पाहा. आणि युरो २०१२ मध्ये, पस्तिशीत, कीव्हमध्ये स्वीडनविरुद्ध मारलेले दोन हेडरही.