आधी हौद उपस

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. शेमाचं, म्हणजे देव एकच आहे असं सांगणाऱ्या आपल्या ज्यू प्रार्थनेचं, पहिलं वाक्य म्हणताना मन बाजारात हिंडतं, ही तक्रार पहिल्या परिच्छेदात. आणि दुसऱ्याच परिच्छेदात विचारतोस, जुना ज्यू गूढवादी अबुलाफिया याची हिब्रू अक्षरं जुळवायची साधना सुरू करू का? रात्रीची वेळ, पांढरे कपडे, भरपूर दिवे, कागद आणि शाई, एवढं बरोबर लक्षात राहिलं. जगाच्या पोकळ गोष्टींतून मन आधी सोडवून घे, हे तोच सांगतो, ते मात्र निसटलं. शिवाय थोर ज्यू धर्मशास्त्री आणि तत्त्वज्ञ मैमोनिडीज याच्या तत्त्वग्रंथावर त्याने भाष्यं लिहिली होती. तो जिने चढून गेला, तुला थेट गच्ची हवी.

आधी हौद उपस. उपमा ओबाद्याची, म्हणजे मैमोनिडीजच्या नातवाची (1228 ते 1265). जुना हौद आहे, गाळाने भरलेला. मालकाने आधी गळती बंद आहे ना ते पाहायचं, मग सावकाश गाळ काढायचा, तळाशी काही उरलं नाही याची खात्री करायची. देवाच्या घरून येणारं जिवंत पाणी त्यानंतरच आत घ्यायचं. तू चांगलं पाणी ओततोयस आणि ते गढूळ का होतं म्हणून मला विचारतोयस.

कव्वाना, म्हणजे प्रार्थनेतलं मनाचं लक्ष, म्हणजे काय, याचं मैमोनिडीजने दिलेलं उत्तर दोन भागांचं आहे: मन सगळ्या विचारांतून रिकामं करायचं, आणि आपण शेखिनेसमोर, म्हणजे देवाच्या सान्निध्यासमोर, उभे आहोत असं पाहायचं. क्रम हाच. तू दुसऱ्यापासून सुरुवात करतोस, म्हणून देवासमोर उभा राहून कामाचा हिशोब करत बसतोस. प्रार्थनेआधी थोडं बस, नंतरही थोडं बस. जुने भक्त आधी एक तास आणि नंतर एक तास थांबत. तू दहा मिनिटं थांब, पण रोज. प्रवासातून थकून आलेल्याने मन ठिकाणावर येईपर्यंत प्रार्थना करूच नये, असा मैमोनिडीजचा स्पष्ट नियम आहे. तू दारातून आत येतोस आणि चपला काढता काढता सुरू करतोस. तुझी निम्मी अडचण अध्यात्माची नाहीच, थकव्याची आहे.

मग फक्त सहा शब्द घे: शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद. कोकणातल्या बेने इस्रायलांची परंपरा सांगते की बाकी बरंच विसरलं गेलं तरी शेमा टिकला. अमिदा ही उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना, तिच्या 19 आशीर्वचनांपैकी पहिलं मन लावून म्हटलं, तर प्रार्थना पुन्हा करावी लागत नाही. पण ही फक्त खालची मर्यादा. एवढ्यावर समाधान मानू नकोस, असं मैमोनिडीजच आपल्या तत्त्वग्रंथाच्या शेवटाकडे बजावतो: पूर्ण शेमा, पूर्ण अमिदा, हे वर्षानुवर्षं नीट जमल्यावर तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, वाचताना आणि ऐकताना तेच लक्ष, मग उरलेली आशीर्वचनं. वर्षानुवर्षं, बाळा. तू तीन आठवडे मोजतोयस.

बिघडतं कुठे तेही सांगतो. मन रिकामं झालं का हे दर क्षणी तपासणं हाही गाळच. आणि ओठ नेमून दिलेलं काम करताहेत म्हणून निश्चिंत होणं, ही त्याहून मोठी गळती. 11व्या शतकात स्पेनमधल्या सारागोसात बाह्या इब्न पाकुदा या ज्यू विचारवंताने यासाठीच अवयवांची कर्तव्यं आणि हृदयाची कर्तव्यं वेगळी केली. धनी घरी आला, तर नोकराने बायको-मुलांना त्याच्या सरबराईला लावलं आणि स्वतः मौजेला निघून गेला. हृदयाविना प्रार्थना त्याला अशी दिसते. त्याच्या ग्रंथाचे दरवाजे, म्हणजे भाग, दहा. आठवा स्वतःच्या हिशोबाचा, त्यात त्या हिशोबाच्या 30 पद्धती. नववा संयमाचा. देवावरच्या प्रेमाचा दरवाजा थेट दहावा आहे, आणि तो मागे राहिला तो काही जागा कमी पडली म्हणून नव्हे.

हट्टीपणा म्हण हवं तर. हा क्रम मलाही फार उशिरा पटला, आणि उशिरा पटलेल्या गोष्टीवर माणूस जरा जास्तच आग्रही होतो, हे कबूल. तरी क्रम चुकीचा ठरत नाही. रात्री निजल्या जागी जाग आली तर फोन उचलू नकोस. मैमोनिडीजने तो एकांत फार मौल्यवान मानला आहे. खाणं-पिणं, अंघोळ, घरच्यांशी बोलणं या वेळी संसाराचा विचार खुशाल कर, तशी मुभा त्यानेच दिली आहे. हिशोब तेव्हा उरकला की शेमाच्या वेळी दार ठोठावणार नाही.

तोवर अक्षरांना हात लावू नकोस. पुढच्या पत्रात एवढंच कळव: सहापैकी कितव्या शब्दावर मन सुटतं, आणि सुटून कुठे जातं.