तळ्याच्या बांधाखालची ओल

प्रश्न : पुण्यात आम्ही ज्या लहान तळ्याकाठी फिरायला जातो, त्याच्या मातीच्या बांधाच्या पायथ्याशी पावसाळ्यानंतरही ओल राहते. हे धोक्याचे आहे का?

उत्तर : मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच; पाझर स्वच्छ आणि एकसारखा असेल, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. मात्र पाणी गढूळ येऊ लागले किंवा त्याचा जोर वाढत गेला, तर बांधाच्या पोटातील माती वाहून जाऊन आत पोकळ वाट तयार होत असल्याची शक्यता असते, आणि अशी वाट एकदा रुंदावली की बांध काही तासांतही फुटू शकतो. घुशींची बिळे आणि मोठ्या झाडांची कुजलेली मुळे याच वाटेला हातभार लावतात. सांडवा, म्हणजे तळ्यातले जादा पाणी बाहेर सोडण्याची वाट, हाही पाहा; तो कचऱ्याने तुंबल्यास पाणी माथ्यावरून वाहते, जे मातीच्या बांधाला सोसत नाही.

धरण सुरक्षा कायदा, 2021 हा 15 मीटरहून उंच आणि काही अटींसह 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू असल्याने लहान तळी बहुधा त्याबाहेर राहतात. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटल्याचे पाहिलेल्या शहरात ही उणीव मला फार खटकते. ओलीची तारखेसह छायाचित्रे काढून तळ्याच्या मालक यंत्रणेकडे लेखी तपासणी मागा. पाणी गढूळ दिसल्यास मात्र पत्राची वाट न पाहता ताबडतोब आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवा आणि बांधाखालच्या वस्तीला सावध करा.