शिव्या घातल्या की पात्र खरं वाटतं?

प्रश्न : आम्ही तिघं मिळून गुन्हेगारी जगावरचा गेम करतोय. संवादांत शिव्या वाढवल्या तर तो जास्त वास्तव, प्रौढ वाटेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : शिव्यांनी फार तर डब्यावर १८चा शिक्का येईल. प्रौढपणाचं म्हणाल, तर तो पात्र काय लपवतंय यातून येतो. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५'मध्ये (२०१३) तिघेही नायक शिव्या देतात, पण फ्रँकलिनचा वैताग आणि ट्रेव्हरचा भडका डोळे मिटूनही ओळखू येतो. तुमच्या संवादांतून शिव्या खोडून पाहा. कोण बोलतंय हे मग कळेनासं झालं, तर ओळच पुन्हा लिहा.

खरी गोची मारामारीतल्या आरोळ्यांची. कथेतला संवाद एकदाच ऐकू येतो. गोळ्या भरतानाची ओळ मात्र तासाभरात पन्नासदा कानावर आदळते आणि तिखट शिवी तिसऱ्या खेपेलाच बोथट होते. अशा प्रत्येक प्रसंगाला १०-१२ पर्याय लिहा, जहाल शिवी एखाद-दुसऱ्यातच ठेवा. सगळे वाजून होईपर्यंत एकही परत वाजू नये आणि दोन आरोळ्यांत किमान २० सेकंद जावीत, असं कोडमध्ये बांधून टाका.

ध्वनिमुद्रणाच्याच दिवशी प्रत्येक ओळीचा सोज्वळ पर्यायही घ्या, शक्यतो तेवढ्याच अक्षरांचा, नाहीतर ओठांची हालचाल जुळत नाही. 'गिअर्स ऑफ वॉर'सारखं शिव्या बंद करायचं बटण मग सहज देता येतं. नंतर नटाला पुन्हा बोलावणं महागात पडतं, आणि 'बीप' तर हास्यास्पदच वाटतो.